त्रान घराणं (१२२५–१४००): एका वेळी दोन राजे असूनही गादी का गेली?

बखरवाचक (धागाकर्ता)

व्हिएतनामच्या त्रान घराण्याबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते मंगोलांना तीनदा परतवलं, एवढ्यावर थांबतं. तो पराक्रम मोठाच आहे आणि धाग्यात त्यावर बोलूच. पण या घराण्याची खरी ओळख त्यांच्या गादीच्या व्यवस्थेत आहे, असं माझं मत. १७५ वर्षं टिकण्याचं कारण तीच आणि बुडण्याचंही तीच.

आधी गादी मिळाली कशी ते बघू. त्या वेळी देशाचं नाव दाइ विएत, राजधानी थांग लाँग, म्हणजे आजचं हनोई. ली घराण्याचा राजा हुए तोंग आजारी, मुलगा नाही. १२२४ मध्ये त्याने धाकट्या मुलीला, चिएउ होआंगला, गादीवर बसवलं. तिचा जन्म १२१८ चा. राजवाड्याचा पहारा त्रान थू दोच्या हातात होता. त्याने आपल्या चुलतभावाचा मुलगा त्रान कान्ह, तोही १२१८ चाच, राणीच्या सेवेत पाठवला. दोघांचं लग्न लागलं आणि वर्षभरात त्या लहान राणीने नवऱ्याला गादी देऊन टाकली. राणीची आई त्रान कुळातलीच, या मुलाची सख्खी आत्या. म्हणजे मामेभावाशी लग्न आणि माहेरचं राज्य मामाच्या घरी. हुए तोंगला १२२६ मध्ये गळफास घ्यायला भाग पाडलं, आणि त्याच्या विधवेशी थू दोने स्वतः लग्न केलं.

ज्या दाराने आपण आत आलो ते दार आधी बंद करायचं, हे थू दोला पक्कं कळत होतं. बंदोबस्त असा: राजाने धडधाकट असतानाच मुलाला गादी द्यायची आणि स्वतः 'थाइ थुओंग होआंग', म्हणजे ज्येष्ठ राजा, होऊन वरून लक्ष ठेवायचं. राण्या शक्यतो आपल्याच कुळातल्या करायच्या, म्हणजे सासऱ्यांचा गट दरबारात उभाच राहत नाही. आणि सैन्य व मोठी पदं भाऊबंदांकडे.

आता सनावळी नीट बघा. पहिला राजा थाइ तोंग (तोच त्रान कान्ह) १२५८ मध्ये ज्येष्ठ झाला, १२७७ ला वारला. लगेच १२७८ मध्ये थान्ह तोंग ज्येष्ठ झाला, १२९० ला वारला. १२९३ मध्ये न्यान तोंग, मृत्यू १३०८. १३१४ मध्ये आन्ह तोंग, मृत्यू १३२०. १३२९ मध्ये मिन्ह तोंग, मृत्यू १३५७. वरची जागा रिकामी झाली की काही वर्षांत खालचा वर सरकतो आणि मुलगा गादीवर येतो. ही साखळी १३५७ ला तुटली. का तुटली, यावर चर्चा व्हावी.

मृण्मयी_१२

मांडणी आवडली. पण दोन राजे असले की दोन दरबार आणि दोन गट व्हायलाच हवेत. पन्नास-शंभर वर्षं हे बिनभांडण चाललं कसं? शिक्का नेमका कुणाचा चालायचा?

बखरवाचक

रोजचा कारभार थांग लाँगमध्ये, धाकट्या राजाच्या नावाने. ज्येष्ठ राजा बहुतेक थिएन त्रुओंगला राहायचा. हे त्यांचं मूळ गाव तूक माक. १२६२ मध्ये त्याचा दर्जा वाढवून ते नाव दिलं. आजच्या नाम दिन्हजवळ, हनोईपासून साधारण ९० किलोमीटर. तिथे ज्येष्ठाचा वेगळा वाडा आणि भेटीला येणाऱ्या राजासाठी वेगळा वाडा. वारस कोण, युद्ध करायचं का, मोठ्या माणसाला शिक्षा काय, हे शेवटी ज्येष्ठाच्या शब्दावर ठरे.

ही सत्ता नुसती मानाची नव्हती, हे १२९९ च्या प्रसंगावरून कळतं. न्यान तोंग न कळवता थिएन त्रुओंगहून राजधानीत आला. राजा आन्ह तोंग वेखंडाची दारू पिऊन इतका झोपला होता की उठवून उठेना. बापाने वाडा फिरून पाहिला, जेवण केलं आणि सगळ्या अधिकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी थिएन त्रुओंगला हजर राहायचा हुकूम देऊन निघून गेला. शुद्धीवर आल्यावर राजा घाबरून बाहेर पळाला. वाटेत दोआन न्यू हाइ नावाचा विद्यार्थी भेटला, त्याच्याकडून माफीचा अर्ज लिहून घेतला आणि दोघे होडीने रातोरात गेले. तो विद्यार्थी अर्ज हातात घेऊन पावसात अंगणात गुडघ्यावर बसून राहिला, तेव्हा कुठे आत बोलावणं आलं. बापाने सुनावलं त्याचा आशय असा, की मला आणखी मुलगे आहेत, मी जिवंत असताना हे चाललंय तर नंतर काय होईल? गादी वाचली आणि त्या विद्यार्थ्याला पुढे मोठं पद मिळालं.

त्याच वर्षीची दुसरी नोंद. त्रान मूळचे किनाऱ्यावरचे कोळी, म्हणून राजाच्या मांडीवर नागासारखा ड्रॅगन गोंदवायची त्यांची रीत होती. आन्ह तोंगने गोंदवणाऱ्याला गुंगारा दिला आणि ती रीत राजांपुरती तिथेच थांबली.

तळटीप

तारखांबद्दल एक सूचना, म्हणजे पुढे गोंधळ नको. राज्यारंभ कुठे १२२५ तर कुठे १२२६ दिसेल. गादी दिली ती चांद्रवर्षाच्या शेवटच्या महिन्यात. ते वर्ष १२२५ शी जुळतं, पण तो दिवस युरोपीय पंचांगात जानेवारी १२२६ मध्ये पडतो. पहिलं मंगोल आक्रमण १२५७ की १२५८ आणि शेवटच्या काळातला राजा न्गे तोंग याचा मृत्यू १३९४ की १३९५, हेही त्याच कारणाने. वर्षाच्या टोकाला घडलेली घटना असेल तर आधी चांद्रमास बघावा.

दुसरं, आपल्याला हे सगळं कळतं ते मुख्यतः न्गो सी लिएनने १४७९ मध्ये पुरं केलेल्या इतिवृत्तातून. त्रान काळात ले वान हुऊने १२७२ मध्ये ३० खंडांचा इतिहास राजाला सादर केला होता, तो स्वतंत्रपणे उरलेला नाही. १३७१ मध्ये दक्षिणेकडच्या चंपा राज्याच्या सैन्याने राजधानी जाळली, आणि १४०७ च्या सुमारास चीनच्या मिंग घराण्याच्या सैन्याला तिथले ग्रंथ आणि शिलालेख नष्ट करायचे आदेश होते. त्यामुळे १४७९ चा लेखक तुटपुंज्या साधनांवर लिहितो, शिवाय कट्टर कन्फ्यूशियन आहे. एकाच कुळातल्या लग्नांवर तो जागोजाग संतापतो. घटना त्याच्याकडून घ्याव्यात, संताप बाजूला ठेवावा.

उदाहरण द्यायचं तर, १२३२ मध्ये थू दोने श्राद्धाला जमलेल्या ली कुळाला खड्ड्यावर उभारलेल्या मांडवात बसवून जिवंत गाडलं, ही गोष्ट सगळीकडे सापडेल. त्याच इतिवृत्तात शेजारी शंका नोंदवलेली आहे: पुढे आन्ह तोंगच्या काळातही ली आडनावाचा सेनानी दिसतो, मग कुळ संपलं कसं? आडनाव बदलायला लावलं ही गोष्ट मात्र पक्की. राजाच्या आजोबांचं नाव त्रान ली, ते नाव उच्चारायचं नाही असं निमित्त करून ली लोकांना 'न्गुएन' व्हायला लावलं.

मृण्मयी_१२

तळटीप, ही शंका मी कुठेच वाचली नव्हती. आभार.

कुळातल्या कुळात लग्नांचा मुद्दा मात्र मला नीट पटत नाही. त्याने भांडणं कमी झाली की वाढली? सख्ख्या भावाची बायको हिसकावणं हे पहिल्याच पिढीत घडलंय.

बखरवाचक

घडलंय, आणि ते टाळण्यासारखं नाही. १२३७ पर्यंत थाइ तोंग आणि चिएउ होआंग यांना जगलेला मुलगा नव्हता. राणीची थोरली बहीण थुआन थिएन ही राजाच्या थोरल्या भावाची, त्रान लिएउची, बायको, आणि तिला तीन महिने गेलेले. थू दोने तिलाच राजाची पट्टराणी केलं. लिएउने बंड केलं. राजा स्वतः इतका विटला की रात्री वाडा सोडून येन तूच्या डोंगरावर निघून गेला. थू दो सगळा दरबार घेऊन मागोमाग गेला. राजा परतेना तेव्हा म्हणाला, राजा जिथे तिथे दरबार, आणि तिथेच वाडा बांधायला जागा आखायला लागला. डोंगरावरच्या भिक्षूने राजाला हात जोडले, बाबा परत जा. लिएउ शेवटी कोळ्याच्या वेषात होडीतून येऊन शरण आला. थू दो तलवार घेऊन धावला, तर राजाने भावाला अंगाखाली झाकून वाचवलं.

हा लिएउ १२५१ मध्ये मरताना मुलाला सांगून गेला की गादी घे, नाहीतर माझे डोळे मिटणार नाहीत. तो मुलगा त्रान क्वोक तुआन, ज्याला जग त्रान हुंग दाओ म्हणून ओळखतं. मंगोलांविरुद्ध सगळं सैन्य त्याच्या हाती आलं आणि त्याने गादीकडे पाहिलं नाही. लोकांना संशय होताच. राजासोबत चालताना त्याच्या हातात लोखंडी टोकाची काठी असे, तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा. त्याने टोक काढून टाकलं आणि नुसत्या लाकडाची काठी वापरायला लागला. राजाच्या बाजूचा त्रान क्वांग खाइ आणि तो यांच्यात तेढ होती. क्वांग खाइला आंघोळीचा कंटाळा. हुंग दाओने सुगंधी पाणी तापवून स्वतःच्या हाताने त्याला आंघोळ घातली, आणि तेढ मिटली. स्वतःच्या मुलाने, क्वोक तांगने, गादी घ्यायचं सुचवलं तेव्हा मात्र तलवार उपसली आणि बजावलं, मी मेल्यावर शवपेटीचं झाकण लागल्याशिवाय याला आत येऊ देऊ नका.

आता लग्नांचा परिणाम बघा. लिएउची मुलगी थान्ह तोंगची राणी. हुंग दाओची मुलगी न्यान तोंगची राणी. त्याच क्वोक तांगची मुलगी आन्ह तोंगची राणी. ज्या शाखेवर अन्याय झाला तिच्याच मुली तीन पिढ्या पट्टराणी झाल्या, आणि हुंग दाओचा नातू राजा झाला. दुखावलेली शाखा अशी गादीला बांधली गेली. म्हणून माझं उत्तर: वाढली नाहीत, निदान १३२८ पर्यंत तरी.

नकाशावेडा

मंगोलांबद्दल विचारायचंच होतं. व्हिएतनामने शिवरायांचं चरित्र वाचून गनिमी कावा उचलला आणि त्यावर अमेरिकेला हरवलं, असा एक मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्रान काळाशी याचा काही संबंध लावता येतो का?

तळटीप

त्या मजकुराला एकही कागद कुणी दाखवलेला नाही. शिवरायांचं युद्धकौशल्य स्वतःच्या बळावर उभं आहे, त्याला या टेकूची गरज नाही. आणि व्हिएतनामी लोकांनाही बाहेरून धडा घ्यायची गरज नव्हती. महाराजांचा जन्म १६३० चा. त्याच्या ३४५ वर्षं आधी, १२८५ मध्ये, हुंग दाओने मोकळी राजधानी शत्रूला देऊन त्याला उपाशी मारलं होतं.

१२८५ ची लढाई टप्प्याने सांगतो. उत्तरेकडून मंगोल सम्राट कुबलाईचा मुलगा तोघान खिंडीतून उतरला. चंपावर आधीच गेलेला मंगोल सेनानी सोगेतू दक्षिणेकडून वर आला. त्रान सैन्य मधे चिरडलं जाणार अशी ही रचना होती. हुंग दाओने सीमेवर आणि वान किएपला तोंड दिलं, पण सैन्य संपेपर्यंत लढला नाही. थांग लाँग रिकामं केलं, धान्य हलवलं. दोन्ही राजे थिएन त्रुओंग, मग समुद्र, मग थान्ह होआ असे सरकत राहिले. गावोगावी फळ्यांवर लिहिलेला हुकूम होता, तो युआन (चीनमधलं मंगोल घराणं) इतिहासातही नोंदला आहे: शत्रू आला तर मरेपर्यंत लढा; बळ कमी पडलं तर डोंगर-दलदलीत पळायला परवानगी आहे; शरण जायला नाही.

हे बिनबोभाट झालं असं मात्र नाही. राजाचा सख्खा काका त्रान इच ताक कुटुंबासकट शत्रूला मिळाला. राजकन्या आन तू हिला वेळ मिळवण्यासाठी तोघानकडे पाठवावं लागलं. उन्हाळा लागला, पाऊस सुरू झाला, मंगोल छावण्यांत रोगराई पसरली, घोड्यांना चारा नाही. तेव्हा मग हाम तू, चुओंग युओंग, ताय केत अशा नदीकाठच्या जागी पाठोपाठ हल्ले. सोगेतू ताय केतला मारला गेला. तोघान तांब्याच्या नळीत लपून सीमा ओलांडून गेला असं व्हिएतनामी इतिवृत्त सांगतं. त्याच इतिवृत्तातला पाच लाख मंगोल सैन्याचा आकडा मात्र कुणी खरा धरू नये.

१२८७ ला युआन बाजूने चूक ओळखून धान्य सोबत न्यायचं ठरवलं. झांग वेनहूच्या ताफ्यावर १,७०,००० शी (चिनी माप) धान्य होतं. लढाऊ आरमार पुढे निघून गेलं आणि जड धान्यनौका मागे एकट्या पडल्या. वान दोनजवळ त्रान खान्ह यूने त्या गाठून बुडवल्या. तो ताफा पोचला असता तर बाख दांग नदीवरची १२८८ ची लढाई कदाचित झाली नसती. तोघानला इतक्या लवकर परत फिरावं लागलं नसतं. माझ्या मते तिसरं युद्ध वान दोनलाच जिंकलं.

खाडीपलीकडे

बाख दांगबद्दल शंका. नदीत खुंट ठोकले, भरतीला ते झाकले, ओहोटीला जहाजं अडकली, इथपर्यंत ठीक. पण लढाई ९ एप्रिल १२८८ ची, म्हणजे तिसऱ्या चांद्रमासाची अष्टमी. आपल्याकडे अष्टमीला भांग असतो, पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं. खुंटांचा सापळा लावणारा माणूस अमावास्या-पौर्णिमेचं उधाण सोडून अष्टमी का निवडेल?

नकाशावेडा

फार चांगला प्रश्न, आणि उत्तर त्या समुद्रात आहे. कोकणात दिवसाला दोन भरत्या, आणि उधाण तिथीवर. टोंकिनच्या आखातात, म्हणजे उत्तर व्हिएतनामजवळच्या समुद्रात, बहुतेक दिवशी एकच भरती आणि एकच ओहोटी. तिथलं पाणी चंद्राच्या कलेवर कमी आणि चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्यावर जास्त चालतं. चंद्र टोकाला असताना आणि त्यानंतर एक-दोन दिवस फरक सर्वांत मोठा, तीन मीटरच्या वर. विषुववृत्त ओलांडताना पाणी जवळजवळ स्तब्ध.

आता हिशेब करा. ती तारीख जुन्या पंचांगाची. आजच्या मानाने १६ एप्रिल. वसंतसंपात होऊन जेमतेम पंचवीस दिवस झालेले. अशा वेळी शुक्ल अष्टमीचा चंद्र सूर्याच्या ९० अंश पुढे, म्हणजे उत्तरेच्या टोकापासून थोडाच पुढे सरकलेला. म्हणजे त्या खाडीत तो आठवडा उधाणाचाच. एकच ओहोटी असल्याने पाणी सलग बारा तासांच्या आसपास उतरत राहतं, जहाजांना सुटकेसाठी दुसरी भरती लवकर मिळत नाही. तिथे जन्मलेल्या नावाड्यांना हे माहीत होतं, युआन सरदारांना बहुधा नसावं.

खुंटांचंही सांगतो. १९५३ मध्ये येन ज्यांग इथे बांधाच्या कामात ते सापडले, नंतर पद्धतशीर उत्खनन झालं. लाकूड लिम आणि तत्सम जड जातींचं. लांबी साधारण २.६ ते २.८ मीटर, जाडी २० ते ३० सेंटिमीटर, खालचं अर्धा ते एक मीटर टोक तासून चिखलात घुसवलेलं. खुंटांमधलं अंतर मीटरभराच्या आसपास. त्यामधून लहान होडी निघते, समुद्री जहाज निघत नाही. पुढे दोंग वान मुओइ आणि दोंग मा न्गुआ इथेही असे पट्टे मिळाले.

सगळी चित्रं मुख्य पात्रात खुंटांची भिंत दाखवतात, ते चूक आहे. मुख्य पात्र खोल, तिथे असे खुंट बुडून जातील. ते ठोकले बाजूच्या फाट्यांच्या तोंडाशी आणि उथळ जागी. मुख्य पात्रात गेन्ह कोक नावाची खडकांची रांग आहेच. म्हणजे सापळ्याचं काम जहाज फोडणं हे नव्हतंच. बाहेर पडायच्या वाटा बंद करून ताफा एकमेकांवर चढवायचा, मग काठावरून बाण आणि वरून पेटते तराफे सोडायचे.

यात फसण्यासारखं बरंच होतं. ताफा दोन-तीन तास आधी आला तर पाणी जास्त, सगळे खुंटांवरून निघून जाणार. उशिरा आला तर टोकं दिसणार. म्हणून हलक्या होड्या पुढे करून लढत लढत मागे सरायचं, युआन सरदार ओमारच्या ताफ्याला हव्या त्या वेळेला हव्या त्या जागी आणायचं. शिवाय ताफ्याला काठाने संरक्षण द्यायला निघालेलं घोडदळ आधीच पूल तोडल्यामुळे परत फिरलं होतं. ते सोबत असतं तर काठावर दबा धरणं अवघड झालं असतं. इतिवृत्ताप्रमाणे ४०० हून अधिक जहाजं हाती लागली, ओमार पकडला गेला.

हीच नदी, हीच युक्ती ९३८ मध्ये न्गो क्वेनने वापरली होती. युक्ती हुंग दाओची नवी नाही, वेळ साधणं त्याचं.

खाडीपलीकडे

समाधान झालं. ते खुंट आता बाहेर काढून ठेवलेत का?

नकाशावेडा

येन ज्यांगचे बरेचसे तळ्यात, पाण्याखालीच ठेवले आहेत. सातशे वर्षं चिखलात हवा न लागल्यामुळे लाकूड टिकलं. बाहेर काढून वाळवलं की भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात.

शेतसारा

लढायांमागे पैसा आणि माणसं कुठून आली तेही धाग्यात हवं.

१२४२ चा कर असा: एक-दोन माउ (जमिनीचं माप) जमीन असेल तर १ क्वान (नाण्यांचं एकक) रोख, तीन-चार माउला २, पाच किंवा जास्त असेल तर ३. शिवाय दर माउला १०० थांग (धान्याचं माप) भात. जमीन नसलेल्याला रोख कर माफ. १२४८ मध्ये तांबड्या नदीला उगमाकडून समुद्रापर्यंत बांध घालायचा हुकूम निघाला आणि त्यासाठी खास अधिकारी नेमले. बांधाखाली रयतेची जमीन गेली तर मोजून किंमत द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. या घराण्याचं सर्वांत टिकाऊ काम तेच, असं मला वाटतं. नुसत्या लढाया वाचणाऱ्यांनी हे नोंदवून ठेवावं.

मग १२६६. राजपुत्रांना, राजकन्यांना आणि जावयांना परवानगी मिळाली की भूमिहीन, भटके लोक गोळा करून पडीक जमीन लागवडीला आणा आणि तुमची जहागीर करा. किनाऱ्यावर खारं पाणी अडवून दोन-तीन वर्षांत जमीन गोडी करायची, मग त्या लोकांना तिथे वसवायचं. मंगोल युद्धात याच जहागिरींतून प्रत्येक राजपुत्र स्वतःचं सैन्य घेऊन आला. शंभर वर्षांनी याच जहागिरी दुखणं झाल्या. तिथली माणसं वेठबिगार, राज्याच्या पटावर नाहीत, म्हणून कर नाही आणि सैनिकही नाहीत. १३४० नंतर दुष्काळ सुरू झाले तेव्हा न्गो बेचं बंड १३४४ पासून १३६० पर्यंत धुमसत राहिलं.

माझा मुद्दा असा, की १३५७ ला ज्येष्ठ राजा मेला म्हणून घराणं बुडालं, हे मला पुरेसं वाटत नाही. पाया आधीच खचला होता.

बखरवाचक

पाया खचला होता हे मान्य. पण खचलेल्या पायाची दुरुस्ती करायला वर कुणी हवं होतं. १३५७ नंतर गादीवरच्या यू तोंगला, मिन्ह तोंगच्या मुलाला, विचारणारं कुणी उरलं नाही. १३६३ मध्ये त्याने वाड्यामागे तळं खोदलं, मधे दगडांचा डोंगर रचला आणि समुद्रातले जीव पाळायला किनाऱ्यावरून खारं पाणी वाहून आणवलं. न्गो बेचं बंड मोडून तीन वर्षं झाली होती. चू वान आन या पंडिताने सात भ्रष्ट अधिकाऱ्यांची डोकी मागणारा अर्ज दिला होता. राजाने तो वाचून सोडून दिला आणि पंडित पद सोडून डोंगरात गेला. १२९९ मध्ये दारूच्या एका रात्रीसाठी गादी जायची वेळ आली होती, हे शेजारी ठेवून बघा.

यू तोंगला मूल नव्हतं. १३६९ मध्ये तो वारला आणि गादी यूओंग न्यात लेकडे गेली. हा राजाच्या थोरल्या भावाचा मानलेला मुलगा. खरा बाप यूओंग आडनावाचा नट, आई नटी, ती गरोदर असतानाच राजपुत्राने तिला ठेवून घेतलेली. ज्या वृद्ध राजमातेने त्याला गादीवर बसवलं तिलाच त्याने विष घातलं आणि आडनाव परत यूओंग करायला निघाला. १३७० मध्ये त्रानांनी त्याला मारलं आणि न्गे तोंग राजा झाला.

मृण्मयी_१२

१३२८ चं राहिलं. तुम्ही म्हणालात 'निदान १३२८ पर्यंत'.

बखरवाचक

हो, तेच कुलूप पहिलं तुटलं. मिन्ह तोंगची पट्टराणी त्रान कुळातली, तिचे वडील त्रान क्वोक चान. ते म्हणत, राणीला मुलगा होईपर्यंत वारस ठरवू नका. दुसऱ्या गटाला दुसऱ्या राणीचा मुलगा हवा होता. क्वोक चानच्या नोकराला १०० लांग (वजनाचं माप) सोनं देऊन धन्यावर बंडाचा खोटा आरोप करवला. राजाने सासऱ्याला कोंडून अन्नपाणी तोडलं. मुलगी, म्हणजे पट्टराणी, आपला झगा पाण्यात भिजवून आत न्यायची आणि पिळून बापाला पाजायची. ते गेलेच.

आणि ज्या राणीचा मुलगा १३२९ मध्ये हिएन तोंग म्हणून गादीवर आला ती मिन्ह तू कोण? ले क्वी लीची आत्या. हाच पुढचा हो क्वी ली. न्गे तोंग त्याच आत्याचा मुलगा. पुढचा राजा युए तोंग दुसऱ्या आत्याचा. युए तोंगची राणी क्वी लीची चुलतबहीण, तिचा मुलगा त्यानंतरचा राजा. नंतरचा राजा थुआन तोंग, त्याची राणी क्वी लीची मुलगी. घराण्यातला शेवटचा बालराजा क्वी लीचा नातू. राण्या बाहेरच्या कुळातून न करण्याचा नियम जिथे ढिला झाला तिथून एकच कुळ आत शिरलं, सहा राजे पुरलं.

नकाशावेडा

यात चंपाची बाजू जोडतो, कारण क्वी लीला वर चढायला जागा चंपाने करून दिली.

चंपा हे आजच्या मध्य व्हिएतनामचं शैव राज्य, राजांची नावं संस्कृत. जय सिंहवर्मन तिसरा (व्हिएतनामी नाव चे मान) याला न्यान तोंगने मुलगी हुएन त्रान देऊ केली. लग्न १३०६ ला झालं, बदल्यात ओ आणि ली हे दोन प्रांत मिळाले. आजचं हुए शहर त्याच भागात. वर्षभरात जय सिंहवर्मन वारला. राणीला सती जावं लागणार म्हणून त्रान खाक चुंग तिला घेऊन समुद्रमार्गे परत आला. पण प्रांत त्रानांकडेच राहिले, आणि ते परत मिळवणं चंपाचं पुढचं शतकभराचं ध्येय झालं.

चंपाचा राजा चे बोंग न्गा याने १३७१ मध्ये थेट थांग लाँग लुटलं. १३७७ मध्ये युए तोंग मोठं सैन्य घेऊन विजय या राजधानीवर चालून गेला. याचं निमित्तही वाईट: चंपाने पाठवलेलं दहा तबकं सोनं सीमेवरच्या दो तू बिन्हने दाबून ठेवलं आणि राजाला कळवलं की चंपाचा राजा उद्धट आहे. विजयजवळ एक खोटा फितूर आला, म्हणाला शहर रिकामं आहे, राजा पळाला. सेनानी दो लेने थांबायला सांगितलं. राजाने ऐकलं नाही, काळ्या घोड्यावर काळा झगा घालून पुढे गेला. सैन्याची रांग लांबली, मधेच तुटली, राजा मारला गेला. रसद सांभाळणारा क्वी ली तिथून पळून आला आणि त्याला काहीही शिक्षा झाली नाही. १३९० मध्ये त्रान खात चानने चे बोंग न्गाला नदीवर गाठलं ते एका चाम शिपायाने राजाची हिरवी नौका कोणती ते दाखवलं म्हणून. बंदुकीचा मारा त्या एकाच नौकेवर केला.

शेतसारा

आता हो क्वी लीबद्दल. त्याला नुसता खलनायक करू नये. १३९७ मध्ये त्याने जमिनीला मर्यादा घातली: वरिष्ठ राजपुत्र आणि राजकन्या सोडून कुणाकडेही १० माउपेक्षा जास्त नको, बाकी सरकारजमा. वर मी जहागिरींचं जे दुखणं सांगितलं त्यावर हात घालणारा तोच पहिला.

कागदी नाणं १३९६ चं. १० दोंगवर शेवाळ, ३० वर लाटा, १ तिएनवर (क्वानचा लहान भाग) ढग, २ वर कासव, ३ वर किलिन (पौराणिक प्राणी), ५ वर फिनिक्स, १ क्वानवर ड्रॅगन. लोकांनी तांब्याची नाणी खजिन्यात भरायची आणि १ क्वानला १ क्वान २ तिएन कागद घ्यायचा. बनावट नोटेला मृत्युदंड. ते फसलं कारण कागद परत देऊन तांबं मिळायची सोय नव्हती, म्हणून पेठेत कुणी घेईना. १४०३ मध्ये नोट नाकारणं, भाव वाढवणं, दुकान बंद ठेवणं यांवर शिक्षा ठरवाव्या लागल्या.

बखरवाचक

सुधारणांबद्दल सहमत. गादी घेण्याची त्याची रीत मात्र बघा, ती त्रानांच्याच हत्याराने आहे. न्गे तोंग १३७२ पासून ज्येष्ठ राजा. १३८८ मध्ये तरुण राजाने क्वी लीला काढायचा घाट घातला. क्वी लीने ज्येष्ठाचे कान भरले: पुतण्यासाठी पोटचा मुलगा विकलेला कधी ऐकलाय का? न्गे तोंगने पुतण्याला पदच्युत करून गळा आवळून मारवलं आणि स्वतःच्या मुलाला, थुआन तोंगला, बसवलं. ज्येष्ठाचा अधिकार कायदेशीर होता, म्हणून कुणी अडवू शकलं नाही. न्गे तोंग गेल्यावर क्वी लीने थान्ह होआमध्ये दगडी किल्ला तीन महिन्यांत उभारून १३९७ मध्ये राजधानी तिकडे हलवली (त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत, २०११ पासून जागतिक वारसा यादीत). १३९८ मध्ये थुआन तोंगला सांगितलं, मुलाला गादी द्या आणि ज्येष्ठ व्हा. गादीवर क्वी लीचा तान्हा नातू आला. १३९९ मध्ये थुआन तोंगला मारलं. खात चान आणि साथीदारांचा कट फुटला, ३७० हून अधिक लोक मारले गेले. १४०० मध्ये नातवाला बाजूला सारून क्वी ली स्वतः बसला, आणि वर्षाच्या आत मुलाला गादी देऊन आपण ज्येष्ठ राजा झाला.

मृण्मयी_१२

म्हणजे घराणं संपवलं पण पद्धत ठेवली. १४०० नंतर त्रान नाव पूर्ण संपलं का?

तळटीप

नाही. मिंग सैन्य आत आलं ते त्रानांना गादी परत देतो असं जाहीर करून. १४०७ मध्ये हो बापलेक पकडल्यावर त्यांनी सांगितलं की त्रानांचा वारस उरलाच नाही, आणि देश चीनचा प्रांत केला. पण न्गे तोंगचा मुलगा ज्यान दिन्ह त्याच वर्षी उभा राहिला. त्याने आपल्याच दोन सेनानींना संशयावरून मारलं, तेव्हा त्यांच्या मुलांनी १४०९ मध्ये त्रुंग क्वांगला राजा केलं आणि ज्यान दिन्हला पकडून आणून ज्येष्ठ राजा केलं. हा लढा १४१३-१४ पर्यंत चालला.

त्यानंतर बंडाचा नेता ले लोई याने मिंगांविरुद्ध लढताना १४२६ मध्ये त्रान काओ नावाच्या माणसाला त्रान वंशज म्हणून गादीवर ठेवलं. मिंगांनी स्वतःच त्रानांना परत बसवायचं जाहीर केलं होतं, तेव्हा त्या नावाशी तह करून सैन्य मागे घेणं त्यांना अडचणीचं नव्हतं. तह झाला, सैन्य गेलं, १४२८ मध्ये त्रान काओ मेला आणि ले लोई राजा झाला.